सुरी आणि कुदळ

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात एका माणसाला वर्षभरात रानलसणाचे ५० कंद काढता येतात. एक्कावन्नावा काढला की गुन्हा. विकायचा तर एकसुद्धा नाही. ना बाजारात, ना दारोदार, ना हॉटेलच्या ताटात घालून. राखीव जंगलात तर पन्नासांचीही मुभा नाही. हे निर्बंध १९९५ सालचे. त्याआधी वसंतात पोतीच्या पोती कंद जंगलातून बाहेर पडत, व्हिनेगरमध्ये मुरवून बरण्यांतून विकले जात, आणि काढणाऱ्यांना दर वर्षी जंगलात थोडे अधिक आत जावे लागे. निर्बंधांनंतर उघड व्यापार थांबला. चोरटा थांबला नाही, कारण शेजारच्या ओंटारिओ प्रांतात ही विक्री कायदेशीर आहे आणि मध्ये बरेच अंतर नुसती एक नदी आहे.

एका भाजीसाठी मोजणी, दंड आणि तस्करी. हसू यायला हरकत नाही. पण गेल्या तीनशे वर्षांत उत्तर अमेरिकेतल्या जंगलांवर कोणाचा हक्क होता, तो कोणाकडून कोणाकडे गेला आणि जाताना वाटेत कोण चिरडले गेले, हे समजून घ्यायला या भाजीइतका सोयीचा धागा दुसरा नाही.

तिचे शास्त्रीय नाव ॲलियम ट्रायकॉकम. इंग्रजीत वाइल्ड लीक. ॲपलाचियन डोंगररांगांत, म्हणजे तिच्यावर खरा जीव टाकणारी माणसे जिथे राहतात तिथे, तिला रॅम्प म्हणतात. कांदा-लसणाच्या कुळातली असली तरी पात कांद्यासारखी नळीची नसते. हळदीच्या कोवळ्या पानासारखी रुंद, मऊ आणि तुकतुकीत असते. देठ पांढरा किंवा जांभळट लाल, खाली बोटाएवढा कंद. चव पातीच्या कांद्याची, वास लसणाचा. कच्ची खाल्ली तर तो वास दोन-तीन दिवस माणसाला सोडत नाही. क्वेबेकपासून दक्षिणेला जॉर्जियापर्यंतच्या पानझडी जंगलांत, ओलसर आणि काळ्या मातीच्या उतारांवर ती उगवते.

रॅम्पचे हिरवे वर्ष दोन महिन्यांत आटोपते. मार्चअखेरीस बर्फ वितळते तेव्हा मेपल, बीच, बासवुड अजून उघडेबोडके असतात आणि ऊन थेट जमिनीवर उतरते. त्या उन्हात पात वर येते आणि वरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाटेपर्यंत जमेल तेवढे अन्न कंदात भरून घेते. मे संपता संपता पात पिवळी पडून आडवी होते. जून-जुलैत एकही पान नसलेल्या दांड्यावर पांढरी फुले येतात, आणि सप्टेंबरमध्ये काळे चकचकीत बी. ते बी लगेच रुजत नाही. वर्षभर, कधी त्याहून जास्त, जमिनीत पडून राहते. रुजल्यावर पहिल्या वर्षी येते गवताच्या काडीसारखे एकच पान. त्या रोपाला स्वतः फुलायला सात वर्षे लागणे नवलाचे नाही. म्हणून रॅम्पचा विस्तार बियांपेक्षा कंद फुटून, एकाचे दोन होऊन जास्त होतो, आणि तोही अतिशय सावकाश. अख्खा उतार पातीने भरलेला दिसतो तेव्हा आपण कित्येक दशकांची शिल्लक पाहत असतो. कुदळ घेतलेल्या दोन माणसांना ती रिकामी करायला एक सकाळ पुरते.

या सगळ्यात एक बारीक तपशील आहे आणि माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. कंदाच्या खाली मुळांचा एक गड्डा असतो. दक्षिण ॲपलाचियातले मूळ रहिवासी, चेरोकी लोक, परंपरेने रॅम्प काढतात ते सुरीने. माती बाजूला सारायची, मुळांच्या वर कापायचे, खालचा भाग जमिनीत तसाच ठेवून माती परत लोटायची. नुसती पात हवी असेल तर कंदालाही हात लावायचा नाही. कुदळीने उपटणे ही वेगळी पद्धत. ती सोपी आहे, भरभर होते, आणि बाजाराला मुळासकट, मातीसकट, ताजा दिसणारा कंद हवा असतो म्हणून ती फायद्याचीही आहे. कुदळ डोंगरातली माणसेही वापरतात, शहरी हौशीही वापरतात. तेव्हा हा मूळ रहिवासी विरुद्ध गोरे असा सरळ हिशेब नाही. घरची चूल आणि ट्रक यांच्यातला फरक आहे.

सह्याद्रीतल्या फोडशीचे, म्हणजे कुलूच्या भाजीचे, असेच झाले. तिची पात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली तेव्हा काही बिघडले नाही. मुळ्या सफेद मुसळी म्हणून औषधांच्या बाजारात निघाल्या आणि मग रानातली फोडशी विरळ होत गेली.

युरोपीय माणसे आली तेव्हा रॅम्प इतका होता की जागांना त्याची नावे पडत. आंरी जुतेल हा फ्रेंच प्रवासी १६८७-८८ मध्ये मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाशी पोचला. शिकागू नावाच्या त्या जागी रानात लसूण फार उगवतो, म्हणून हे नाव, असे त्याने आपल्या वृत्तान्तात नोंदवून ठेवले. आजच्या शिकागो शहराच्या नावाबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले. जुतेलचा तो लसूण म्हणजे रॅम्पच होता हे जॉन स्वेन्सन या अभ्यासकाने १९९१ मध्ये जुन्या नोंदी आणि वनस्पतींचे वर्णन ताडून बऱ्यापैकी पक्के केले. गगनचुंबी इमारतींचे शहर भाजीच्या नावावर उभे आहे, ही गंमत सांगून बहुतेक लेखक थांबतात. मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते: ज्यांनी जागेला ते नाव दिले, त्या लोकांना दीडशे वर्षांच्या आत तिथून हलवण्यात आले होते.

दक्षिणेला चेरोकींचे तेच झाले, आणि अधिक क्रूरपणे. १८३८ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना घराघरांतून काढून पश्चिमेला हाकलले. सुमारे १६,००० माणसे निघाली. त्यांतली ४,००० च्या आसपास छावण्यांत आणि वाटेत मेली असे मानले जाते. उत्तर कॅरोलिनाच्या उंच डोंगरांत काही मागे राहिले. त्यांच्या वंशजांची आजची वस्ती क्वाला बाउंड्री या नावाने ओळखली जाते, आणि त्यांचे शासन ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी या नावाने. मागे राहिलेल्यांनी पहिल्या काही हिवाळ्यांत काय खाल्ले असेल याचा विचार केला की वसंतात सर्वांत आधी उगवणाऱ्या हिरव्या पानाची किंमत कळते.

किंमत कळायला ॲपलाचियातला हिवाळाही डोळ्यांसमोर आणावा लागतो. अठराव्या शतकात स्कॉटिश-आयरिश आणि जर्मन कुटुंबे पेनसिल्व्हेनियातून खाली दऱ्याखोऱ्यांत पसरली. नोव्हेंबर ते मार्च त्यांचे जेवण म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, वाळवलेला घेवडा आणि मक्याची भाकरी. ताजे, हिरवे काही नाही. हिरड्या सुजत, अंगात कसर राही. मग एप्रिलमध्ये कोणी तरी डोंगरावरून रॅम्पची टोपली घेऊन उतरे. त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते हे शास्त्र फार नंतरचे. वसंतात रॅम्प खाल्ला की रक्त साफ होते, अशी तिथली समजूत होती आणि ती फारशी चूकही नव्हती. युरोपात याचा चुलतभाऊ उगवत असल्यामुळे या मंडळींना वास ओळखीचा होता. कुठे शोधायचा आणि कधी, हे मात्र आधीपासून तिथे राहणाऱ्यांना पाहूनच शिकावे लागले असणार.

रीत साधी होती. लोखंडी तव्यात डुकराची चरबी वितळवायची, त्यात बटाट्याच्या काचऱ्या परतायच्या, बटाटा मऊ झाला की चिरलेला रॅम्प, कंद आधी आणि पात शेवटी, कारण पात क्षणात कोमेजते. वरून अंडी फोडायची. शेजारी मक्याचा पाव आणि शिजवलेला घेवडा. सोबत सॅसाफ्रासच्या मुळांचा चहा. चेरोकी घरांत रॅम्प आधी उकळत्या पाण्यातून काढून मग चरबीत परततात, किंवा ओढ्यातल्या ट्राउट माशाबरोबर खातात. शिजल्यावर उग्रपणा जातो आणि मागे एक गोडसर, मातकट चव उरते. डोंगरातले जाणते मात्र सांगतात, अर्धा तरी कच्चा खा, नाही तर काय खाल्ले ते कळणार कसे?

इथे एक इशारा देणे भाग आहे. त्याच जंगलात, त्याच आठवड्यांत, तशाच रुंद पानांचे दोन विषारी सोबती उगवतात: लिली ऑफ द व्हॅली आणि फॉल्स हेलेबोर. पान चुरडून लसणाचा वास घ्यावा, ही ओळखण्याची खूण. पण दहा-वीस रॅम्प तोडल्यावर बोटांनाच वास लागतो आणि खूण निकामी होते. दर वसंतात कोणी ना कोणी दवाखान्यात पोचते ते याच घोटाळ्यामुळे. जंगलात आजीबरोबर गेलेल्याला हे शिकवावे लागत नसे. फोनवर चित्र पाहून गेलेल्याला शिकवावे लागते.

वसाहतींच्या काळात जंगल कोणाचे होते? कागदावर कोणाचे तरी असे. प्रत्यक्षात कुंपण नसलेले रान सगळ्यांचे, हा रिवाज. डुकरे मोकळी सोडायची, ती चेस्टनट खाऊन माजायची. सरपण, मध, बोरे, औषधी मुळ्या आणि रॅम्प ज्याने त्याने न्यायचे. या सामायिक रानातल्या एका वस्तूला लवकरच परदेशी गिऱ्हाईक मिळाले: जिनसेंग. १७१६ मध्ये जोसेफ-फ्रांस्वा लाफितो या जेझुइट पाद्र्याने माँट्रियलजवळच्या रानात ते मूळ ओळखले. चीनमध्ये त्याला मोठा भाव होता. शतकाच्या मध्यापर्यंत क्वेबेकमध्ये जिनसेंगचे वेड इतके वाढले की लोक हातातली शेतीची कामे टाकून रानात पळत. मुळे अवेळी आणि कोवळी उपटली, सावलीत हळूहळू वाळवायच्या ऐवजी भट्टीत कडक करून टाकली. चिनी व्यापाऱ्यांनी माल नाकारला आणि धंदा बसला. रानातले जिनसेंग तोवर बरेच गेले होते. म्हणजे १९९५ मध्ये रॅम्पसाठी कायदा करणाऱ्या क्वेबेकला हा खेळ अडीचशे वर्षांपूर्वी पाहून झाला होता.

ॲपलाचियात जिनसेंग काढणे पुढेही चालू राहिले, पण त्याला नियम आले: ठरलेला हंगाम, रोपाचे किमान वय, आणि काढलेल्या झाडाचे बी तिथेच पेरण्याची सक्ती. १९७५ पासून त्याचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या देखरेखीखाली आहे. रॅम्पला असे काही मिळाले नाही. तो निर्यात होत नव्हता. गरिबाच्या ताटातली वस्तू. सरकारचे लक्ष जायला वस्तूला आधी भाव यावा लागतो, आणि भाव आला की नियम बहुधा उशिरा आणि सरसकट येतात.

मधल्या शंभर वर्षांत रॅम्पच्या जंगलावर जे गुदरले त्यापुढे खाणाऱ्यांची सुरी किंवा कुदळ काहीच नव्हे. १८८० नंतर लाकूड कंपन्या रेल्वे घेऊन दऱ्यांत शिरल्या. वेस्ट व्हर्जिनियातले रिचवूड हे गावच या लाटेत उभे राहिले. १९०१ मध्ये त्याला गावाचा दर्जा मिळाला आणि चेरी रिव्हर बूम अँड लंबर कंपनीच्या करवतींवर ते वाढले. डोंगरच्या डोंगर बोडके झाले, ओल्या उतारांवर ऊन आणि वणवे आले, माती वाहून गेली. १९०४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये चेस्टनटच्या झाडांवर एक आयात बुरशी दिसली आणि १९४० च्या सुमारास ॲपलाचियातले बहुतेक मोठे चेस्टनट वठले. त्याबरोबर मोकळ्या डुकरांचे आणि डोंगरी कुटुंबांचे एक मोठे अन्न गेले. उजाड उतार विकत घेऊन राष्ट्रीय वने करण्याची मुभा सरकारला देणारा वीक्स कायदा १९११ चा. मोनोंगाहेला राष्ट्रीय वन १९२० मध्ये आले, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान १९३४ मध्ये. स्मोकीसाठी शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. हे उद्यान नसते तर उरलेसुरले जुने जंगल वाचले नसते, हे मान्य करायलाच हवे. मात्र जंगल तोडणारा आणि जंगलातून भाजी नेणारा, दोघांनाही एकाच दिवशी बाहेरचे ठरवले गेले. पुढचे सगळे भांडण तिथून निघते.

रिचवूडमधली झाडे संपली, काम कमी झाले, तेव्हा गावाकडे रॅम्प होता. १९३० च्या दशकापासून तिथे एप्रिलमध्ये रॅम्पची जेवणावळ भरते आणि गाव स्वतःला रॅम्पची जागतिक राजधानी म्हणवते. टेनेसीतल्या कॉस्बीत १९५४ मध्ये अशीच जत्रा सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन तिला हजर होते. या जत्रांमागे थोडी खोडी आहे, थोडा सूडही. रॅम्प खाऊन शाळेत आलेल्या मुलांना घरी पिटाळले जाई, अशा आठवणी डोंगरातल्या जुन्या पिढीत घरोघरी निघतात. वासावरून माणसाची पायरी ठरत असे. रिचवूडचा संपादक जिम कॉमस्टॉक याने यावर जो तोडगा काढला तो वृत्तपत्रांच्या इतिहासात नोंदवण्यासारखा आहे: छपाईच्या शाईत रॅम्पचा अर्क मिसळून त्याने अंक टपालात टाकला. टपाल खात्याची गाडी, कचेरी आणि वर्गणीदारांची घरे सगळी घमघमली, आणि खात्याने त्याला तंबी दिली. ज्याची लाज वाटायची तीच वस्तू निशाण म्हणून उंच धरायची, हे काम त्याने एका अंकात करून दाखवले.

या जेवणावळींची दुसरी बाजू मेरी हफर्ड या लोकजीवन-अभ्यासिकेने १९९० च्या दशकात कोल नदीच्या खोऱ्यात नोंदवली. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात ते सगळे जतन केलेले आहे. ड्र्यूज क्रीकच्या छोट्या चर्चमधल्या रॅम्पच्या जेवणाआधी बायका एकत्र बसून ढिगाने रॅम्प निवडतात, मुळे काढतात, धुतात, आणि गप्पांमध्ये कोणत्या घळीत कोण गेले, यंदा कुठे चांगला आला, कुठे जायचे नाही, याची उजळणी होते. नकाशा त्यांच्या डोक्यात असतो. ती जमीन कायद्याने कोळसा कंपन्यांची, पण वावर पिढ्यांचा. आणि त्याच वर्षांत त्याच खोऱ्यातल्या डोंगरांचे माथे सुरुंगाने उडवून कोळसा काढण्याचा वेग वाढत होता. माथ्याची माती-दगड टाकायला सोयीची जागा म्हणजे शेजारची घळ. रॅम्प उगवतो तीच, ओलसर आणि काळ्या मातीची. १९७७ चा उघड्या खाणींचा कायदा या पद्धतीला सूट देतो. अमेरिकी सरकारच्याच अहवालानुसार १९८५ ते २००१ या काळात ॲपलाचियात ७२४ मैल लांबीचे ओढे अशा भरावाखाली गाडले गेले. त्या ओढ्यांच्या काठी किती रॅम्प होता हे कोणी मोजले नाही, आणि त्यासाठी कोणाला दंड झाला नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटी शहरी स्वयंपाक्यांना रॅम्प सापडला. न्यू यॉर्कच्या बाजारात त्याच्या जुड्या आल्या, हॉटेलांत तो पास्त्यावर, लोण्यात, लोणच्यात दिसू लागला. हिवाळाभर परगावच्या भाज्या शिजवून कंटाळलेल्या स्वयंपाक्याला वर्षाची पहिली स्थानिक हिरवी पात मिळाली की तो हरखणारच. त्यात गैर काही नाही. आणि ज्या वस्तूसाठी पोराला वर्गाबाहेर काढले जायचे ती उंची ताटात आली, याचा डोंगरातल्या माणसाला आनंदही झाला. पण शहरातला भाव आणि डोंगरातल्या खणणाऱ्याच्या हाती पडणारा पैसा यांत मोठी दरी राहिली. खाण बंद, गिरणी बंद, एप्रिलचे सहा आठवडे हातात रोकड. अशा माणसाने दहाऐवजी पाच पोती काढावीत अशी अपेक्षा करण्याआधी, त्याला पोत्याला दुप्पट पैसे कोण देणार हे सांगायला हवे. टंचाईचा बोभाटा झाल्यावर काही स्वयंपाक्यांनी रॅम्प ताटातून काढला, काहींनी फक्त पात घ्यायला सुरुवात केली. दुसरा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. पातीत चव भरपूर असते, आणि प्रत्येक रोपाचे एकच पान घेतले तर रोप उरलेल्या पानावर वर्ष निभावून नेते.

स्मोकी उद्यानात तोवर एक वेगळी गोष्ट घडत होती. उद्यान झाल्यावरही घरापुरता रॅम्प नेण्याकडे काणाडोळा होता. या शतकाच्या सुरुवातीला तिथे पूर्ण बंदी आली. त्यामागे अभ्यास होता, आणि तो हलका नव्हता. जॅनेट रॉक, ब्रायन बेकेज आणि लुईस ग्रॉस यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, रॅम्पचे वेगवेगळे प्रमाण काढून घेतल्यावर तो किती वर्षांत भरून येतो हे मोजले होते. निष्कर्ष धक्कादायक होता: एका ठिकाणच्या रोपांपैकी दहा टक्के, आणि तीही दहा वर्षांतून एकदाच काढली, तर साठा टिकतो. याहून जास्त झाले की उतरण लागते. ज्याने हे वाचले त्याला बंदी समजते. मी अधिकारी असतो तर मीही काही तरी केलेच असते.

पण त्या प्रयोगात रोप काढणे म्हणजे रोप जाणे. सुरीने मुळाच्या वर कापून मुळे जमिनीत ठेवली तर काय होते, हा प्रश्न चेरोकी जाणत्यांचा होता, आणि बंदीचा नियम लिहिताना तो मध्ये आला नाही. परिणाम असा, की ज्या उतारांवर पूर्वजांनी रॅम्प कापला तिथे कापणाऱ्या चेरोकींना वनरक्षकांकडून गुन्ह्याच्या चिठ्ठ्या मिळाल्या. १८३८ च्या हकालपट्टीतून जे मागे राहिले त्यांच्याच पणतू-खापरपणतूंना, सरकारी जमिनीवरची भाजी नेली म्हणून, न्यायालयात उभे राहावे लागले. रॅम्पच्या रक्षणासाठी हे आवश्यक होते असे मला पटत नाही. पोत्यांनी माल नेणाऱ्याला रोखायला बंदी लागते; पिशवीभर पात नेणाऱ्या म्हातारीला नियम पुरतो.

उत्तरेला हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या तहांत विस्कॉन्सिन-मिनेसोटाकडची जमीन सोडली, पण त्या जमिनीवर शिकार, मासेमारी आणि रानातले जिन्नस गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. राज्यांनी तो शंभर वर्षे धाब्यावर बसवला. १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो हक्क जिवंत असल्याचे मान्य केले, आणि पुढच्याच वर्षी ओजिब्वेंच्या गटांनी मिळून स्वतःचा मासे-वन्यजीव आयोग उभारला. त्याचे स्वतःचे जीवशास्त्रज्ञ आहेत, स्वतःचे रक्षक आहेत. म्हणजे हक्क आणि मोजणी एकाच हाती राहू शकतात, हे सिद्ध झालेले आहे. चेरोकींकडे असा तह नव्हता, म्हणून त्यांना उद्यानाच्या मर्जीवर राहावे लागले. न्याय कोणत्या कागदावर काय लिहिले गेले यावर इतका अवलंबून असावा, हे अस्वस्थ करणारे आहे.

२०१६ मध्ये वाट थोडी उघडली. राष्ट्रीय उद्यान सेवेने नियम केला, की मान्यताप्राप्त जमातींना पारंपरिक कामासाठी उद्यानातून वनस्पती नेता येतील. मात्र जमात आणि उद्यान यांच्यात करार हवा, आणि आधी पर्यावरणाची तपासणी. त्याखाली ईस्टर्न बँड आणि स्मोकी उद्यान यांचा करार २०१९ मध्ये झाला. तो रॅम्पचा नव्हता. सोचान या दुसऱ्या वासंतिक पालेभाजीचा होता. सोचानची फक्त कोवळी पाने खुडतात, मूळ जमिनीत राहते, आणि ती भराभर वाढते, म्हणून उद्यानाला ती सोपी वाटली. रॅम्प अवघड वाटतो, कारण तो हळू वाढतो आणि त्याच्यावर बाजाराचा डोळा आहे.

क्वेबेकचा कायदा मला परिपूर्ण वाटत नाही. त्याने कंद मोजले, कापण्याची रीत मोजली नाही, आणि शेजारी प्रांताशी बोलणी न झाल्याने चोरट्यांना बाजार शिल्लक राहिला. तरी त्याने घरची चूल आणि दुकान यांत रेघ ओढली, आणि तीस वर्षे ती टिकवली. अमेरिकेतल्या सार्वजनिक जंगलांनीही निदान एवढे करावे: मुळासकट कंदाची विक्री सरकारी जमिनीवरून पूर्ण बंद, पातीची मोजून आणि परवान्याने. विक्रीसाठी कंद हवाच असेल तर खासगी झाडीत लावून घ्यावा. मेपलच्या सावलीत रॅम्प लावता येतो, हे उत्तर कॅरोलिनातल्या कृषी संशोधकांनी दाखवले आहे. धीर मात्र सात-आठ वर्षांचा हवा, आणि त्या मधल्या वर्षांसाठी छोट्या शेतकऱ्याला कर्ज किंवा अनुदान मिळाले नाही तर कोणी लावणार नाही.

स्मोकीमध्ये रॅम्पसाठी जे करायचे ते तर आणखी सरळ आहे. २००४ च्या अभ्यासाचे आकडे घ्यावेत, त्याच प्रकारच्या उतारांवर शेजारी शेजारी तुकडे आखावेत: एकात कुदळीने उपटायचे, दुसऱ्यात चेरोकी जाणत्यांनी आपल्या रीतीने सुरीने कापायचे, तिसऱ्याला हात लावायचा नाही. मोजणी दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून करायची. हिशेब लागायला दहा वर्षे जातील. तोवर ठरावीक कुटुंबांना, ठरावीक उतारांवर, सुरीनेच आणि घरापुरते कापण्याची परवानगी सोचानच्या कराराला एक पुरवणी जोडून देता येईल.